चिलखतावरची उरुशी पुन्हा पुन्हा सुटते? चिकटवण्याआधी हे तपासा

जुन्या सामुराई चिलखतांवर हौसेने काम करणाऱ्यांकडून सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार एकच: पापुद्रा सुटला, चिकटवला, आणि पुढच्या हिवाळ्यात तिथेच किंवा बोटभर अंतरावर पुन्हा सुटला. माझ्या हाताखालून गेलेल्या चिलखतांतही हाच बिघाड सर्वाधिक वेळा आला. जवळजवळ प्रत्येक वेळी चूक चिकटवण्याची नव्हती. उरुशी हा झाडाच्या चिकाचा थर फार चिवट असतो, तो स्वतःहून क्वचितच सुटतो. त्याच्या खालचं काहीतरी हललेलं असतं. लोखंड गंजून फुगलेलं असतं, कातडं आक्रसलेलं असतं, नाहीतर पट्ट्या एकमेकींना बांधणारी फीत तुटल्यामुळे पट्टी कलंडून शेजारच्या पट्टीवर घासत असते. ते हलणं थांबेपर्यंत वरून काहीही चिकटवा, टिकणार नाही.

इथे लिहिलेलं सगळं तोसेइ गुसोकु प्रकारच्या चिलखतांबद्दल आहे, म्हणजे सोळाव्या शतकात आलेली आणि पुढे एदो काळात (१६०३ ते १८६८) मोठ्या संख्येने बनलेली चिलखतं. हौशी माणसाच्या हाती येतात ती बहुतेक हीच. त्याआधीच्या, मध्ययुगीन चिलखतांना घरी हात लावायचाच नाही.

लक्षणं

चिलखताच्या खाली पांढरा कागद अंथरून दोन आठवडे ठेवा. त्यावर चहाच्या भुकटीसारखे काळे कण पडत असतील तर थर सक्रियपणे सुटतो आहे. मग बॅटरी घ्या आणि पट्टीच्या अगदी कडेने, आडवा उजेड टाका. समोरून गुळगुळीत दिसणारा भाग या उजेडात फुगवटे आणि उचललेल्या कडा दाखवतो. काय दिसतं त्यावर पुढचं बरंच ठरतं.

- गोल फुगवटा, मध्यावर तपकिरी ठिपका, फुटला की खालून नारिंगी भुकटी: लोखंडी पट्टी गंजते आहे.
- पट्टीच्या लांबीने जाणाऱ्या भेगा, वर वळलेल्या कडा, आत फिकट पिवळसर किंवा तपकिरी पृष्ठभाग: पट्टी कातड्याची आहे आणि ती आक्रसली आहे.
- फक्त भोकांभोवती आणि पट्टीच्या खालच्या धारेवर टवके: ओझं आणि फितीचा ताण.
- फक्त खिडकीकडच्या बाजूला चमक गेलेली, करडट तपकिरी झाक, बारीक जाळीदार तडे: प्रकाशाचं नुकसान.
- जाड टवका, त्याच्या पाठीला राखाडी मातीसारखा थर: उरुशीखालचं अस्तर पट्टीपासून सुटलं आहे.
- प्लास्टिकसारखी सोलून निघणारी, एकसारखी चकचकीत साल: हा मूळ थर नाही, नंतर कुणीतरी मारलेला रंग आहे.

एकाच चिलखतावर यातली तीन-चार लक्षणं एकत्र दिसणं नेहमीचं आहे. सोदे म्हणजे खांद्यावरच्या ढाली एका कारणाने सुटत असतात आणि कुसाझुरी, म्हणजे कमरेखाली लोंबणारे पट्ट्यांचे भाग, दुसऱ्याच कारणाने. म्हणून प्रत्येक भागाची वेगळी नोंद ठेवा.

सगळ्यात आधी: झटकणं बंद

मऊ कापडाने पुसणं हा बहुतेकांचा पहिला उपाय असतो, आणि त्यानेच सर्वाधिक टवके जातात. उचललेल्या कडेत कापडाचा धागा अडकतो आणि चांगला भागही सोबत निघून येतो. ओलं फडकं तर नकोच. वर्षानुवर्षं उजेड लागलेली उरुशी पाण्याला सोसत नाही, एका थेंबाने कायमचा पांढुरका डाग राहू शकतो. धूळ काढायचीच असेल तर बकरीच्या केसांचा मऊ ब्रश आणि कॅमेऱ्यासाठी मिळतो तो हाताचा ब्लोअर पुरेसा आहे, आणि तोही सुटलेल्या भागापासून दूर.

पडलेला प्रत्येक टवका जपून ठेवा. लहान कागदी पाकिटं करा, वर भाग, ओळ आणि डावीकडून कितवी पट्टी ते लिहा. पुढे जो कोणी दुरुस्ती करेल त्याला मूळ तुकडा मिळणं आणि नवीन भरणं करावं लागणं यांत फार मोठा फरक आहे.

पहिली तपासणी: हवा

खर्च एका साध्या तापमान-आर्द्रता मापकाचा. तो चिलखताच्या शेजारी ठेवा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नको. सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा.

मी टोकियोत राहते. इथे जूनमध्ये त्सुयू, म्हणजे पावसाळी हंगाम, सुरू झाला की घरातली आर्द्रता सहज ८० टक्क्यांपर्यंत जाते आणि जानेवारीत हीटर चालू असताना ती ३० च्या आसपास उतरते. उरुशी, कातडं, रेशीम आणि लोखंड हे चारही एका पट्टीवर एकत्र असतात, आणि प्रत्येकाची गरज वेगळी. लोखंडाला कोरडं हवं, ६५ च्या पुढे गंज वेग घेतो. कातडं आणि उरुशी मात्र ४० च्या खाली त्रास द्यायला लागतात. म्हणून ५० ते ५५ टक्के हा मधला मार्ग. पण आकड्यापेक्षा चढउतार जास्त घातक. ५८ वर स्थिर राहिलेलं चिलखत ४० ते ७० मध्ये झोके घेणाऱ्यापेक्षा कितीतरी बरं टिकतं.

एसीचा झोत, बाहेरची भिंत, हीटर आणि दक्षिणेकडची खिडकी यांपासून चिलखत हलवा. महिनाभर पांढऱ्या कागदावर नजर ठेवा. बऱ्याचदा कणांचा पाऊस इथेच थांबतो, आणि मग चिकटवण्याची घाई उरत नाही.

चिलखत पेटीत असेल तर दोन गोष्टी बघा. एक, सिलिका जेलच्या पिशव्या. पेटी लहान आणि पिशव्या भरपूर असल्या तर आतली हवा इतकी कोरडी होते की कातडी पट्ट्या काही आठवड्यांत वाकतात. दोन, डांबराच्या गोळ्या. कापूर, नॅप्थलीन आणि पॅराडायक्लोरोबेंझीन यांतली दोन औषधं एकत्र ठेवली तर ती विरघळून पातळ होतात आणि रेशमावर डाग पाडतात. आधीच्या मालकाने कोणतं टाकलं होतं ते कळत नसेल तर नवीन काहीच टाकू नका. कीड टाळायची खरी रीत म्हणजे कोरड्या हवेच्या दिवसांत चिलखत बाहेर काढून, सावलीत वारा देणं आणि प्रत्येक सांदीत डोकावणं. जपानी घरांत याला मुशिबोशी म्हणतात.

दुसरी तपासणी: उजेड

हे थोडक्यात. रेशीम आणि उरुशी दोघांनाही प्रकाशाने झालेलं नुकसान परत भरून येत नाही. संग्रहालयं रेशमी वस्तूंसाठी साधारण ५० लक्सची मर्यादा धरतात, म्हणजे वाचायलाही जड जाईल इतका मंद उजेड. घरी एवढं जमलं नाही तरी थेट ऊन शून्य हवं आणि चिलखत बाराही महिने मांडलेलं नको. ५ मेच्या मुलांच्या सणाला मांडणीसाठी काढून नंतर पेटीत ठेवण्याची इथली पद्धत याही दृष्टीने शहाणपणाची आहे.

तिसरी तपासणी: ओझं कुठे पडतं

इथे जरा थांबूया, कारण हौशी दुरुस्तीत हेच सर्वाधिक वेळा नजरेतून सुटतं.

चिलखत समोरून बघा आणि पट्ट्यांच्या ओळी आडव्या आहेत का ते पाहा. कुसाझुरीची एखादी ओळ एका बाजूला खाली झुकली असेल, तर त्या बाजूची फीत आतून तुटली आहे. ओदोशी, म्हणजे पट्ट्या एकमेकींना टांगणारं रेशमी फितींचं काम, हे नुसतं शोभेचं नसतं, सगळं वजन तेच पेलतं. एक फीत गेली की पट्टी कलंडते, तिची धार खालच्या पट्टीवर टेकते, आणि चिलखत हलवताना प्रत्येक वेळी तिथून थोडी उरुशी खरवडली जाते. तुम्ही टवका चिकटवता, ती धार तो पुन्हा उडवते.

कोणती फीत आधी जाईल याचा अंदाज रंगावरून येतो. काळा आणि गडद तपकिरी रंग देताना लोखंडाचे क्षार वापरलेले असतात, आणि त्यांनी रेशीम काळाबरोबर कुजतं. बोटात धरलं तर भुगा होतो. निळीत रंगवलेली फीत मात्र अनेकदा आजही लवचिक असते. निळ्या फितीच्या चिलखतात चार-पाच फिती गडद तपकिरी दिसल्या तर तुटण्याची सुरुवात तिथून झालेली असण्याची शक्यता जास्त.

मांडणीचा स्टँडही तपासा. छातीच्या कवचाचं वजन खांद्यांच्या पट्ट्यांवर येतं. तिथे स्टँडचा लाकडी दांडा रुंद आणि गुंडाळलेला हवा, नाहीतर सगळा भार दोन बिंदूंवर येतो. शिरस्त्राण मुखवट्यावर टेकू देऊ नका. शिकोरो, म्हणजे शिरस्त्राणाची मानेवरची झालर, मागे खांद्यांना घासत नाही ना ते बघा.

तुटलेल्या फितीच्या जागी तात्पुरता आधार द्यायचा तर ब्लीच न केलेली, मऊ, सपाट सुती नाडी सैलसर बांधा. मासेमारीची नायलॉन दोरी दिसत नाही म्हणून लोक वापरतात, पण ती करवतीसारखी भोकाची कड कापते. मूळ रेशीम ओढून काढू नका, कितीही जीर्ण असलं तरी. कोणत्या भोकातून कशी फिरली, गाठ कुठे घेतली, कडेची नक्षीदार फीत कुठे सुरू झाली, याचा तेवढाच पुरावा उरलेला असतो.

चौथी तपासणी: खाली लोखंड आहे की कातडं

लहान चुंबक दोऱ्याला बांधा, त्याला मऊ कापड गुंडाळा आणि पट्टीजवळ नेऊन तो ओढला जातो का ते बघा. थेट चिकटू देऊ नका, झटका बसतो.

दिसायला सारख्या पट्ट्यांपैकी काही लोखंडी, काही नेरिगावाच्या म्हणजे ठोकून कडक केलेल्या कच्च्या कातड्याच्या असू शकतात. खवल्यांच्या बांधणीत तर एक लोखंडी, एक कातडी असे आळीपाळीने लावण्याची पद्धत होती: वजन कमी आणि मजबुती पुरेशी. याचा अर्थ असा की एकाच ओळीत शेजारी-शेजारी दोन वेगळे आजार असू शकतात. कातडं कमावलेलं नसतं, त्यामुळे ते हवेतला ओलावा पिऊन फुगतं आणि कोरड्यात आक्रसतं. त्याच्यावर पाण्यातला गोंद लावला तर तेवढ्या जागी फुगून भेग वाढते. लोखंडावर तोच गोंद लावला तर खाली गंज सुरू होतो. चुंबकाने पाच मिनिटांत मिळणारी ही माहिती पुढचे सगळे निर्णय बदलते.

आणखी एक गोष्ट. किरित्सुके कोझाने नावाच्या पट्ट्या सुट्या खवल्यांसारख्या दिसतात, पण ती सलग पट्टी असते, वर उरुशीचा जाड लगदा देऊन उंचवटे उठवलेले असतात. तिथले टवके जाड आणि खोल निघतात. त्यातून पट्टी फुटली असा समज होतो, प्रत्यक्षात फक्त अस्तर गेलेलं असतं.

पाचवी तपासणी: गंज जिवंत आहे का

टवका निघालेल्या जागी सुती काडी कोरडीच, हलक्या हाताने टेकवा. नारिंगी भुकटी लागली तर गंज चालू आहे. गडद तपकिरी, घट्ट, काहीच न लागणारा थर स्थिर आहे, त्याला हात लावू नका.

सैल भुकटी बांबूच्या बारीक काडीने काढा, धातूच्या हत्याराने नको. गंज घालवणारी रसायनं बहुतेक आम्ल असतात, ती कडेखालून आत झिरपतात आणि चांगला चिकटलेला भागही सोडवतात. तेलाचे फवारे आणि तलवारीसाठी वापरलं जाणारं लवंगेचं तेल इथे चालत नाही. थराखाली तेल गेलं की पुढे तिथे काहीही धरत नाही, आणि व्यावसायिकाचं अर्धं काम ते तेल काढण्यात जातं. हातमोजे घाला, घामातलं मीठ गंजाला खाद्य आहे.

काही चिलखतांचा तपकिरी, खरबरीत पृष्ठभाग मुद्दाम केलेला असतो. लोखंडाला नियंत्रित गंज आणून ते रूप दिलेलं असतं, किंवा उरुशीतच तसा रंग घातलेला असतो. एकसारखी, शांत तपकिरी छटा दिसली तर ती कारागिराची आहे असं धरून चाला. घासून काळं-पांढरं लोखंड उघडं पाडलेली शिरस्त्राणं बाजारात भेटतात आणि त्यांचं नुकसान कुणालाही भरून काढता येत नाही.

सहावी तपासणी: आधी कुणी दुरुस्ती केली आहे का

आतल्या, उजेड न लागलेल्या बाजूला, मोहरीएवढ्या जागेत, स्पिरिटने जेमतेम ओली केलेली सुती काडी टेकवा. पूर्ण वाळलेली उरुशी स्पिरिटला दाद देत नाही. काडीला रंग आला तर वर चपडा लाख किंवा आधुनिक वार्निश आहे. अतिनील टॉर्च असेल तर आणखी सोपं: चपडा नारिंगी झळाळतो, उरुशी काळीच राहते.

जपानमध्ये जुन्या दुरुस्त्यांत काजूच्या टरफलातल्या तेलापासून बनवलेला रंगही भेटतो. दिसायला उरुशीच्या जवळ, वापरायला सोपा, म्हणून लोकप्रिय झाला. असा थर मूळ उरुशीवरून सोलून निघत असेल तर घाबरू नका, खालचा मूळ पृष्ठभाग बहुधा शाबूत असतो. पण तो पूर्ण उतरवण्याचा मोह घरी टाळा.

सातवी पायरी: चिकटवणं, आणि तेही मर्यादेत

हवा स्थिर आहे, ओझं नीट आहे, गंज शांत आहे, पांढरा कागद महिनाभर स्वच्छ आहे, तरच इथे या. आणि तरीही फक्त लोखंडी पट्टीवरचा, साध्या काळ्या किंवा तपकिरी उरुशीचा, करंगळीच्या नखापेक्षा लहान, सपाट बसणारा टवका.

मी यासाठी पॅरालॉइड बी-७२ वापरते. ही संग्रहालयांत वापरली जाणारी ॲक्रिलिक राळ ॲसिटोनमध्ये विरघळते आणि पुढे हवी तेव्हा पुन्हा विरघळवता येते. आधी ॲसिटोनची चाचणी आतल्या बाजूला घ्या. फितीपासून दूर राहा, रेशमाचा रंग उतरू शकतो. खिडकी उघडी ठेवा, गॅस बंद. बारीक ब्रशने कडेखाली थोडीच राळ सोडा, वर सिलिकॉनचा न चिकटणारा कागद, त्यावर मऊ गादी आणि हलका दाब. उरुशीचे कारागीर यासाठी लाकडी चौकटीत बांबूच्या लवचिक काड्या वाकवून बसवतात, त्यांचा दाब सौम्य आणि नेमका असतो. शिंबारी नावाची ही चौकट घरी करता येते आणि क्लिपांपेक्षा फार चांगली.

वर वळलेला टवका दाबून सपाट करू नका, तो तुटतो. झटपट चिकटणारा सुपर ग्लू, इपॉक्सी आणि सेलोटेप ही तिन्ही या टेबलावर नकोतच. सुपर ग्लू ठिसूळ होतो, भोवती पांढरी झाक सोडतो आणि सुटता सुटत नाही.

खरी उरुशी घरी वापरावी का? पारंपरिक चिकटवण गव्हाचं पीठ आणि उरुशी कालवून करतात आणि ती उत्तमच असते. पण कच्ची उरुशी अंगावर उठते. बिब्बा उतल्यावर काय होतं ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना जास्त सांगायला नको. बिब्बा, काजू, आंबा आणि उरुशीचं झाड एकाच कुळातली. दुसरी अडचण त्याहून मोठी. उरुशी कोरड्या हवेत वाळत नाही. चिकातलं एन्झाइम काम करायला उबदार आणि दमट हवा लागते, साधारण २० ते ३० अंश आणि ७० ते ८५ टक्के आर्द्रता. उघड्या लोखंडाला अशा पेटीत ठेवलं की थराखाली नवा गंज धरतो. जुने कारागीर लोखंडावर उरुशी भाजून बसवत, पण रेशमी फिती ओवलेल्या पट्टीला ती उष्णता देता येत नाही. म्हणून शिकून घेतल्याशिवाय हा मार्ग धरू नका.

इथे थांबा

पुढीलपैकी काहीही दिसलं तर हत्यार खाली ठेवा आणि व्यावसायिक शोधा:

- शिरस्त्राणाच्या किंवा कवचाच्या आत कोरलेली सही किंवा सन.
- सोन्याची भुकटी, सोन्याचा वर्ख किंवा उरुशीत काढलेलं कुलचिन्ह, जिथे टवका सुटतो आहे.
- मूळ सुटे खवले ओवून केलेल्या पट्ट्या.
- वाकलेली कातडी पट्टी. तिला घरी ओलावा किंवा ऊब देऊन सरळ करू नका.
- तंबूसारखा उचललेला, नखापेक्षा मोठा भाग.
- किडीची ताजी भोकं किंवा पिठासारखा भुगा.
- गंजाचा फुगवटा, जो हवा आटोक्यात आल्यावरही वाढतो आहे.

सरकारने सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवलेलं चिलखत असेल तर प्रश्नच नाही. त्याच्या दुरुस्तीला वेगळे नियम आहेत, आधी संबंधित कार्यालयाला विचारावं लागतं.

जपानमध्ये चिलखतांचे कारागीर वेगळे आणि उरुशीच्या वस्तूंचे संवर्धक वेगळे. फिती नव्याने ओवायच्या असतील तर पहिला, थर वाचवायचा असेल तर दुसरा. स्थानिक संग्रहालयाच्या अभिरक्षकाला विचारलं तर बहुधा योग्य माणसाकडे पाठवतात. ज्यांनी चिलखत मुंबईत किंवा कोकणात नेलं आहे त्यांना पावसाळ्याचे चार महिने सर्वांत कठीण. तिथे डीह्युमिडिफायर ही चैन नाही, पहिली गरज आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला संवर्धन केंद्र आहे, निदान सल्ल्यासाठी तिथून सुरुवात करता येते.

काम देण्याआधी विचारा: कोणतं चिकटवण वापरणार, ते पुढे काढता येईल का, आधी-नंतरचे फोटो आणि लेखी नोंद मिळेल का, मूळ फिती काढाव्या लागल्या तर त्या परत देणार का. "सगळं नव्यासारखं चकचकीत करून देतो" असं उत्तर आलं तर चिलखत तिथे ठेवू नका. नेताना प्रत्येक भाग वेगळा, आम्लरहित कागदात गुंडाळा, पट्ट्यांच्या मध्ये तोच कागद चुरगळून भरा, आणि बबल रॅप उरुशीला थेट लागू देऊ नका: उष्णतेत त्याचे गोल ठसे थरावर उमटतात.